हौस, धोका आणि नियम : घरगुती अग्निबाणाच्या इतिहासातील एक प्रकरण

सारांश

विसाव्या शतकात अग्निबाणविद्येचा आरंभ हौशी प्रयोगकर्त्यांच्या हातून झाला. परंतु त्याच हौसेने अनेकांचे हात आणि प्राणही घेतले. १९५४ ते १९६१ या काळात अमेरिकेत पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पंख आणि कारखान्यात तयार झालेले दारूचे इंजिन यांचा मेळ घालून ‘मॉडेल रॉकेट’ नावाचा नवा छंद आकारास आला. याच काळात वेस्ट व्हर्जिनियातील एका खाणवस्तीतील शाळकरी मुले स्वतः इंधन मिसळून अग्निबाण उडवीत होती. या दोन प्रवाहांची तुलना करून, मुलांच्या धोकादायक जिज्ञासेला प्रौढ समाजाने कोणता प्रतिसाद दिला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी प्रथम वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष उडणारा अग्निबाण तयार करण्याची परवानगी मागितली होती. ‘अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची?’ या एका प्रश्नावर ती परवानगी नाकारण्यात आली. नकार देणाऱ्या समितीत प्रस्तुत लेखकही होता. पुढे दिवाळीच्या सुट्टीत त्या तिघांपैकी एकाने फटाक्यांतील दारू काढून घराच्या गच्चीवर तोच प्रयोग एकट्याने केला आणि उजव्या हाताची बोटे भाजून घेतली. इजा गंभीर नव्हती. परंतु समितीने टाळलेला धोका टळला नव्हता, तो केवळ महाविद्यालयाच्या आवारातून गच्चीवर गेला होता, ही जाणीव मात्र मागे उरली.

हा प्रसंग येथे नमूद करण्याचे कारण एवढेच की, प्रस्तुत अभ्यासाचा मूळ प्रश्न त्यातून निर्माण झाला. स्फोटक पदार्थांशी खेळणाऱ्या मुलांचे काय करावे, हा प्रश्न आपल्यापुढे प्रथमच उभा राहिलेला नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकन समाजापुढे तो फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आणि त्याला एकाहून अधिक उत्तरे दिली गेली. ती उत्तरे कोणती होती, त्यांपैकी कोणते टिकले आणि का टिकले, हे पाहणे शिक्षकांच्या दृष्टीने उद्बोधक ठरावे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) मॉडेल रॉकेट या छंदाच्या उदयाची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे, (आ) घरी मिसळलेले इंधन आणि कारखान्यातील तयार इंजिन या दोन पद्धतींची तुलना करणे, (इ) या इतिहासाचा भारतीय शैक्षणिक संदर्भात विचार करणे.

२. संज्ञा आणि साधने

मराठीला अग्निबाण नवा नाही. अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांत ‘बाण’ हा शब्द धनुष्याच्या बाणाप्रमाणेच दारूच्या जोरावर उडणाऱ्या शस्त्रासाठीही येतो, आणि दिवाळीत मुले आजही ‘बाण’ उडवितात. हैदर अली आणि टिपू सुलतान यांच्या सैन्यातील लोखंडी नळीचे बाण तर जगप्रसिद्ध आहेत. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर त्यांचे नमुने इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्ह याने पुढे आपले अग्निबाण विकसित केले. अर्थात हा सर्व इतिहास लष्कराचा आणि राज्यसत्तेचा आहे. एखाद्या सामान्य व्यक्तीने ज्ञानाच्या ओढीने स्वतःच्या अंगणात अग्निबाण तयार करावा, ही विसाव्या शतकातील घटना आहे आणि प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे.

अभ्यासाची साधने तीन प्रकारची आहेत. ऑर्व्हिल कार्लाइल यांचे एकस्व, म्हणजे पेटंट, हे पहिल्या प्रकारचे साधन होय. दुसऱ्या प्रकारात जी. हॅरी स्टाइन यांचे लेखन येते. त्यांची मॉडेल रॉकेटविषयक मार्गदर्शिका १९६५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तिसरे साधन म्हणजे होमर हिकम यांचे ‘रॉकेट बॉइज’ (१९९८) हे आत्मकथन. हे आत्मकथन घटनांनंतर जवळजवळ चार दशकांनी लिहिलेले आहे. त्यामुळे त्यातील संवाद आणि प्रसंगांची मांडणी दस्तऐवज म्हणून न स्वीकारता, त्यातून दिसणारे सामाजिक संबंध तेवढेच येथे विचारात घेतले आहेत.

३. हौशी अग्निबाणविद्येचा पूर्वकाळ

१६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गोडार्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्न येथे, नात्यातील एका वृद्ध स्त्रीच्या शेतात, द्रव इंधनावर चालणारा जगातील पहिला अग्निबाण उडविला. तो अडीच सेकंद हवेत राहिला, सुमारे साडेबारा मीटर उंच गेला आणि ५६ मीटर अंतरावर कोबीच्या वाफ्यात पडला. गोडार्ड हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. तरीही प्रयोगाचे हे स्वरूप घरगुतीच म्हणावे लागेल.

यानंतरच्या दशकात अशा प्रयत्नांना मंडळांचे रूप आले. जर्मनीत १९२७ मध्ये अंतराळप्रवास मंडळ स्थापन झाले आणि १९३० मध्ये त्याने बर्लिनजवळ स्वतःचे प्रक्षेपण मैदान मिळविले. अमेरिकेत १९३० मध्ये स्थापन झालेली आंतरग्रहीय संस्था पुढे अमेरिकन रॉकेट सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. कॅलिफोर्नियात फ्रँक मलिना, जॉन पार्सन्स आणि एडवर्ड फोरमन या तरुणांनी १९३६ मध्ये पासाडेनाजवळच्या एका कोरड्या नदीपात्रात इंजिनाच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांच्या गटाला त्या परिसरात ‘आत्मघाती पथक’ म्हणत असत. आजची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आपला उगम याच चाचण्यांत शोधते.

‘आत्मघाती’ हे विशेषण केवळ थट्टेचे नव्हते. मॅक्स व्हॅलिअर हे ऑस्ट्रियन प्रयोगकर्ते १७ मे १९३० रोजी बर्लिनमध्ये इंजिनाच्या स्फोटात मरण पावले. पार्सन्स यांचा मृत्यू १९५२ मध्ये घरच्या प्रयोगशाळेतील स्फोटाने झाला. दोघेही आपल्या विषयातील जाणकार होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : इंधन हाताळताना होणाऱ्या अपघाताचे कारण नेहमी अज्ञान हेच असते असे नाही. स्फोटक मिश्रण घर्षण, ठिणगी, ओलावा, कणांचा आकार, भरण्यातील दाब अशा अनेक गोष्टींना प्रतिसाद देते आणि एका क्षणाची चूक सुधारण्यास दुसरा क्षण देत नाही. म्हणून ‘मुलांना नीट शिकवले म्हणजे झाले’ एवढे उत्तर येथे पुरेसे ठरत नाही.

४. कोलवूडची मुले

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला. अमेरिकन जनमानसाला बसलेल्या धक्क्याचे पडसाद शिक्षणक्षेत्रातही उमटले आणि १९५८ मध्ये राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत होऊन विज्ञान व गणिताच्या अध्यापनासाठी केंद्रीय निधी उपलब्ध झाला. तथापि कायदा येण्यापूर्वीच देशभरातील मुले तळघरात आणि अंगणात अग्निबाण बनवू लागली होती.

वेस्ट व्हर्जिनियातील कोलवूड ही कोळसा कंपनीच्या मालकीची वस्ती. तेथील खाण-अधीक्षकाचा मुलगा होमर हिकम आणि त्याचे मित्र यांनी ‘बिग क्रीक मिसाइल एजन्सी’ असे भारदस्त नाव धारण करून प्रयोग सुरू केले. पहिल्या प्रयत्नात आईच्या गुलाबाच्या वाफ्याचे कुंपण उद्ध्वस्त झाले. पुढे त्यांनी टप्प्याटप्प्याने इंधन बदलले, पोलादी नळ्या वापरल्या, तोटीचा आकार गणिताने ठरविला. ‘ऑक’ हे त्यांच्या अग्निबाणांच्या मालिकेचे नाव. उडू न शकणाऱ्या आणि नामशेष झालेल्या एका समुद्रपक्ष्यावरून ते घेतले होते. १९६० मध्ये राष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात या प्रकल्पाला पदक मिळाले. हिकम पुढे अभियंता म्हणून नासात रुजू झाले.

ही कथा सामान्यतः जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या मुलांच्या भोवती कोण उभे होते, हे पाहिले पाहिजे. खाणीच्या यंत्रशाळेतील कारागीर त्यांना तोट्या घडवून देत होते. धातू कसा वागतो याचे ज्ञान या कारागिरांच्या हातात होते. फ्रीडा रायली या शिक्षिकेने क्षेपणास्त्ररचनेवरील ग्रंथ त्यांच्या हाती ठेवला आणि कलनशास्त्र शिकण्याचे आव्हान दिले. आरंभी विरोध करणाऱ्या वडिलांनी वस्तीपासून दूर, खाणीतील टाकाऊ दगडमातीचे मैदान वापरण्यास मुभा दिली. तेथे आडोशासाठी छोटी खोली उभी राहिली आणि विजेच्या तारेने दुरून इंधन पेटविण्याची व्यवस्था झाली.

म्हणजेच कोलवूडमधील सुरक्षितता ही एका विशिष्ट वस्तीत, विशिष्ट माणसांच्या एकत्र येण्यातून निर्माण झाली होती. यंत्रशाळा नसलेल्या गावातील, अथवा रायलीबाईंसारखी शिक्षिका न लाभलेल्या मुलाजवळ तेच कुतूहल आणि तेच इंधन होते, परंतु बाकीचे काहीही नव्हते. त्या मुलाला ‘रॉकेट बॉइज’ वाचून धीर मिळेल, संरक्षण मिळणार नाही.

५. नॉरफोकचा दुकानदार आणि व्हाइट सँड्सचा अभियंता

या अडचणीवरील उत्तर एका अनपेक्षित ठिकाणी आकारास येत होते. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या लहान शहरात ऑर्व्हिल कार्लाइल यांचे चपला-बुटांचे दुकान होते. शोभेच्या दारूकामाचा त्यांना छंद होता. त्यांचे बंधू रॉबर्ट हे मॉडेल विमानांचे शौकीन होते आणि त्याविषयी व्याख्याने देत. अग्निबाणाचे तत्त्व श्रोत्यांना प्रत्यक्ष दाखविता यावे म्हणून १९५४ मध्ये ऑर्व्हिल यांनी एक छोटा अग्निबाण तयार केला आणि त्याला ‘रॉक-अ-शूट’ हे नाव दिले.

या रचनेत दोन छंदांचा संगम होता. मॉडेल विमानांकडून हलकी कागदी नळी आणि बाल्सा लाकडाचे पंख आले. दारूकामाकडून कागदी वेष्टनात ठासलेल्या बंदुकीच्या दारूचे इंजिन आले. इंजिन जळून गेले की काढून टाकावे आणि नवे बसवावे, अशी सोय होती. उड्डाणाच्या अखेरीस एक छोटा स्फोट नळीतील हवाई छत्री बाहेर ढकलत असे आणि अग्निबाण अलगद खाली येऊन पुन्हा वापरता येई. १ जुलै १९५८ रोजी कार्लाइल यांना या रचनेसाठी अमेरिकन एकस्व क्रमांक २८,४१,०८४ मिळाले. एकस्वाचे शीर्षक साधे होते : ‘खेळण्यातील अग्निबाण’.

याच सुमारास जी. हॅरी स्टाइन हे न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स प्रक्षेपण क्षेत्रात काम करीत होते. अग्निबाणाच्या व्यावसायिक क्षेत्रात सुरक्षिततेची शिस्त किती काटेकोर असते, यावर त्यांनी ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’ मासिकाच्या फेब्रुवारी १९५७ च्या अंकात लेख लिहिला. तो वाचून कार्लाइल यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि आपले अग्निबाण पाठविले. स्टाइन यांनी ते उडवून पाहिले. व्यावसायिक प्रक्षेपण क्षेत्रातील शिस्त आणि एका दुकानदाराची कारागिरी यांची ही भेट म्हणजे या छंदाच्या इतिहासातील निर्णायक क्षण होय.

१९५७ मध्येच स्टाइन यांनी डेन्व्हर येथे ‘मॉडेल मिसाइल्स’ ही कंपनी काढण्यात पुढाकार घेतला. त्याच वर्षी छंदिष्टांची संघटना स्थापन झाली; ती पुढे नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेटरी या नावाने प्रसिद्धीस आली. स्पुटनिकनंतरच्या लाटेत हे सर्व घडल्यामुळे मागणी प्रचंड होती. तथापि मालाची विक्री आणि सुरक्षिततेचे नियम ही दोन्ही एकाच वेळी लोकांपुढे आली, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. खेळणे आधी आणि नियम अपघातानंतर, असा नेहमीचा क्रम येथे दिसत नाही.

६. ‘मेबल’ आणि इंजिनाचा कारखाना

इंजिनांचा पुरवठा ही या उद्योगातील मुख्य अडचण होती. हाताने ठासलेल्या प्रत्येक इंजिनाचे वर्तन थोडेफार निराळे असणार, आणि ठासणाऱ्याच्या जिवाला धोका तर कायमचा. स्टाइन यांनी डेन्व्हरमधील शोभेच्या दारूच्या व्यवसायाशी संबंधित कुटुंबातील व्हर्नन एस्टिस या तरुणाकडे हे काम सोपविले. एस्टिस यांनी हवेच्या दाबावर चालणारे स्वयंचलित यंत्र तयार केले आणि त्याला ‘मेबल’ हे नाव दिले. ते दर साडेपाच सेकंदांना एक इंजिन तयार करू शकत असे.

मेबलची निर्मितिक्षमता ‘मॉडेल मिसाइल्स’च्या गरजेहून अधिक ठरली. तेव्हा एस्टिस यांनी स्वतःच टपालाने सुटे भाग आणि इंजिने विकण्यास प्रारंभ केला. १९६१ मध्ये त्यांनी आपला उद्योग कोलोरॅडोतील पेनरोज या गावी हलविला. टपालाने येणाऱ्या सूचीमुळे मोठ्या शहरापासून दूर असलेल्या शेतकऱ्याच्या मुलालाही एकसारख्या गुणवत्तेचे इंजिन मिळू लागले.

येथे या लेखाचे मध्यवर्ती विधान मांडता येईल. कोलवूडमध्ये जी काळजी माणसांच्या रूपाने मुलांच्या पाठीशी उभी होती, ती नॉरफोक आणि डेन्व्हर यांनी वस्तूच्या आणि नियमाच्या रूपात साठविली. यंत्रशाळेतील कारागिराचे कौशल्य मेबलने केलेल्या इंजिनात आले आणि अधीक्षक वडिलांची अट लेखी सुरक्षा-संहितेत आली. परिणामी सुरक्षितता एका वस्तीच्या भाग्यावर अवलंबून राहिली नाही.

७. नियमाने काय काढून घेतले आणि काय ठेवले?

सुरक्षा-संहितेचा मुख्य गाभा मोजक्या तरतुदींत सांगता येतो. अग्निबाणाचा सांगाडा कागद, लाकूड वा प्लॅस्टिक अशा हलक्या पदार्थांचा असावा. इंजिन प्रमाणित कारखान्याचेच असावे. ते उघडू नये आणि पुन्हा भरू नये. पेटविणे विजेच्या साहाय्याने, दुरून आणि उलटी गणती करूनच व्हावे. लहान इंजिनांसाठी हे अंतर किमान १५ फूट, म्हणजे सुमारे साडेचार मीटर असते. प्रक्षेपण उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या आत असावे आणि खाली येण्यासाठी हवाई छत्री वा फितीची सोय असावी. आजच्या संहितेनुसार उड्डाणाच्या वेळी वजन १५०० ग्रॅमहून आणि इंधन १२५ ग्रॅमहून अधिक असता कामा नये.

वरवर पाहता या नियमांनी मुलांच्या हातून अग्निबाणाचा प्राणच काढून घेतला, असे वाटेल. हा आक्षेप त्या काळीही होता. इंधन स्वतः तयार करणे हेच खरे विज्ञान आणि तयार इंजिन लावणे म्हणजे खेळ, असे म्हणणारे हौशी प्रयोगकर्ते होते. दुसऱ्या टोकाला, स्वतः हौशी मंडळींनी स्थापन केलेली अमेरिकन रॉकेट सोसायटी मुलांनी अग्निबाण बनविण्यास विरोध करीत होती. मधला मार्ग लष्करी अधिकारी बर्ट्रँड ब्रिन्ली यांनी सुचविला. मुले इंधन मिसळणारच असतील तर ती जाणकारांच्या देखरेखीखाली मिसळू द्यावीत, ही त्यांची भूमिका होती आणि १९६० मध्ये त्यांनी हौशी मुलांसाठी मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली. तथापि देखरेखीचा मार्ग जाणकार माणसांच्या उपलब्धतेवर अवलंबून होता. म्हणजे अडचण पुन्हा कोलवूडचीच होती.

मॉडेल रॉकेटने मुलांपाशी काय शिल्लक ठेवले, हे पाहिले असता वरील आक्षेपाचे मूल्यमापन करता येते. इंजिनाच्या वेष्टनावर ‘ए८-३’ असा संकेत असतो. त्यातील अक्षर एकूण आवेगाचा वर्ग दाखविते : ‘ए’ वर्गाची कमाल मर्यादा अडीच न्यूटन-सेकंद, ‘बी’ची पाच, ‘सी’ची दहा, प्रत्येक पायरीवर ती दुप्पट होते. पहिला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो आणि दुसरा आकडा इंधन संपल्यापासून हवाई छत्री बाहेर पडेपर्यंतचे सेकंद सांगतो. हा संकेत वाचता येणे म्हणजे बल, काळ आणि आवेग यांचा संबंध समजणे होय. इंजिन स्थिर राशी झाल्यामुळे बाकी सर्व राशी बदलून पाहता येतात : वजन घटविले तर काय होते, पंख मोठे केले तर काय होते, टोक गोलसर ठेवावे की टोकदार? स्वतः ठासलेल्या इंजिनाच्या बाबतीत प्रत्येक उड्डाणात इंजिनच बदलत असल्याने अशी तुलना अवघड होती.

स्थैर्याचा प्रश्न हे याचे उत्तम उदाहरण आहे. अग्निबाण सरळ जाण्यासाठी त्याचा गुरुत्वमध्य हा हवेच्या दाबमध्याच्या पुढे, टोकाच्या बाजूस असावा लागतो. गुरुत्वमध्य बोटावर तोलून सापडतो. दाबमध्य सापडत नाही. नासातील अभियंते आणि स्वतः छंदिष्ट असलेले जेम्स बॅरोमन यांनी १९६६ मध्ये दाबमध्य काढण्याची शाळकरी मुलांना झेपेल अशी बीजगणिती रीत राष्ट्रीय स्पर्धेत मांडली. तिच्यामुळे कागदावरच अग्निबाणाचे वर्तन वर्तविणे शक्य झाले. उंची मोजण्यासाठी ठरावीक अंतरावर उभे राहून कोन घ्यावा आणि त्याच्या स्पर्शज्येने अंतरास गुणावे, ही त्रिकोणमिती तर माध्यमिक शाळेतीलच आहे. यावरून असे दिसते की, नियमाने रसायनशास्त्र कमी केले, परंतु त्याच्या मोबदल्यात यामिकी, वायुगतिकी आणि मापनशास्त्र मुलांच्या आवाक्यात आणले.

तरीही काही गमावले, हे मान्य करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. तोटीचा आकार का बदलावा, इंधनाचा कण केवढा असावा, हे प्रश्न कोलवूडच्या मुलांना पडले. तयार इंजिन वापरणाऱ्या मुलाला ते सहसा पडत नाहीत. पुढील काळात या उणिवेवर पायऱ्यांची योजना करण्यात आली. मोठ्या शक्तीचे अग्निबाण उडविण्यासाठी प्रौढ छंदिष्टांना टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्रे मिळवावी लागतात. ज्याची जेवढी तयारी, तेवढे त्याचे स्वातंत्र्य, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे.

८. प्रसार आणि भारतीय संदर्भ

हा छंद अमेरिकेपुरता मर्यादित राहिला नाही. १९७२ मध्ये तत्कालीन युगोस्लाव्हियातील व्हर्शात्स येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. शीतयुद्धाच्या काळात पूर्व युरोपातील एका मैदानावर कागदी अग्निबाण उडविण्यासाठी छंदिष्टांनी एकत्र यावे, ही घटना राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनीही दखल घ्यावी अशी आहे. अमेरिकेत २००३ पासून शालेय संघांची जी राष्ट्रीय स्पर्धा भरते, तिच्यात कोंबडीचे कच्चे अंडे अग्निबाणातून वर नेऊन न फुटता खाली आणावे लागते. सुरक्षितता हाच तेथे गुण मिळविण्याचा विषय झाला आहे.

भारतात अवकाशयुगाचा आरंभ शासनाच्या पुढाकाराने झाला. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंबा येथून उडालेला पहिला अग्निबाण अमेरिकन बनावटीचा ‘नायकी-अपाची’ होता. १९६७ मध्ये स्वदेशी ‘रोहिणी-७५’ उडाला. या इतिहासाचा आपणास सार्थ अभिमान आहे. मात्र आपल्याकडे शासकीय प्रक्षेपण केंद्र आणि दिवाळीचा बाण यांच्यामध्ये विद्यार्थ्याला उभे राहण्यासाठी दीर्घकाळ पायरीच नव्हती. स्फोटक पदार्थांचे नियमन १८८४ चा कायदा आणि २००८ ची नियमावली यांनुसार होते; त्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. हे नियमन आवश्यकच आहे. परंतु कायदा काय करू नये ते सांगतो. काय करता येईल, हे सांगण्याचे काम शिक्षणसंस्थांचे आहे. इन-स्पेस या संस्थेने ॲस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या सहकार्याने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटची स्पर्धा योजली, ही त्या दिशेने घडलेली स्वागतार्ह घटना होय.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, हौशी अग्निबाणविद्येतील अपघातांचे मूळ केवळ अज्ञानात नव्हते. स्फोटक मिश्रण हाताने तयार करण्याच्या कृतीतच ते होते. म्हणून माहिती देणे आवश्यक असले तरी पुरेसे नव्हते.

दुसरा, कोलवूड आणि नॉरफोक या दोन्ही ठिकाणी यशामागे प्रौढांनी स्वीकारलेली जबाबदारी होती. कोलवूडमध्ये ती व्यक्तिगत राहिली. कार्लाइल, स्टाइन आणि एस्टिस यांनी तिला वस्तू, संहिता आणि संघटना यांचे रूप दिल्यामुळे ती सर्वदूर पोहोचू शकली.

तिसरा, बंदी आणि मोकळीक हे दोनच पर्याय असतात, ही समजूत या इतिहासाने खोटी ठरविली आहे. धोक्याचा नेमका बिंदू ओळखून तेवढाच मुलांच्या हातून काढून घेणे आणि बाकीचे सर्व त्यांना करू देणे, हा तिसरा पर्याय होता व तोच टिकला.

चौथा, या पर्यायाची किंमत म्हणून रसायनशास्त्रीय अनुभवाचा काही भाग गमवावा लागला. तो पायरीपायरीने परत देण्याची व्यवस्था करणे ही पुढची जबाबदारी ठरते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या समितीपुढे ‘जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न होता. प्रश्न योग्य होता; परंतु नकाराचे कारण म्हणून तो विचारला गेला आणि तेथेच चर्चा संपली. नॉरफोकच्या दुकानदाराने आणि व्हाइट सँड्सच्या अभियंत्याने तोच प्रश्न कामाचा आरंभ म्हणून विचारला होता. त्या तीन विद्यार्थ्यांना आपण दारूला हात लावू नका असे सांगून पुठ्ठा, पंख, हवाई छत्री आणि दाबमध्याचे गणित त्यांच्या हाती देऊ शकलो असतो. पाण्याच्या दाबावर उडणाऱ्या बाटलीच्या अग्निबाणापासूनही आरंभ करता आला असता. तसे केले असते तर प्रदर्शनात एक उड्डाण झाले असते, आणि गच्चीवरचे ते दुसरे उड्डाण बहुधा टळले असते. आपल्या महाविद्यालयांतील विज्ञान मंडळांनी या दृष्टीने विचार करावा, एवढीच या अभ्यासाच्या अखेरीस अपेक्षा आहे.